उनाऱ्याच्या सुट्ट्या

मागच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. ती स्पीच थेरपिस्ट आहे. वर्षभरापूर्वी पुण्यातल्या एका शाळेत नोकरीला लागली आणि आता आयुष्यातली पहिली पगारी उन्हाळी सुट्टी तिच्यापुढे उभी आहे. "मावशी, तू काय करायचीस गं सुट्टीत?" मी म्हटलं, झोपायचे. ती हसली. तिला वाटलं मी टाळतेय. पण पहिल्या वर्षापुरतं ते अगदी खरं होतं. नंतरच्या वर्षांचं उत्तर मात्र फोनवर देता येईना, म्हणून इथे लिहायला बसले. (बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं, हेही एक कारण आहेच.)

मी मूळची पुण्याकडची, शिकले मुंबईत, आणि लग्न होऊन आले ते थेट भंडारा जिल्ह्यात. तिथे काही वर्षं शाळाशाळांतून फिरणारी कंत्राटी स्पीच थेरपिस्ट म्हणून काम केलं. करार अकरा महिन्यांचा. बारावा महिना कुठला, हे सांगायला नकोच. तर माझी उन्हाळ्याची सुट्टी बिनपगारी होती, आणि ती काही हिल स्टेशनवर घालवण्यासारखी परिस्थिती नव्हती.

शिवाय विदर्भाचा उन्हाळा. इकडे शाळांची सुट्टीसुद्धा लांब असते. बाकी महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, विदर्भात त्यानंतर आठ-दहा दिवसांनी. त्याचं कारण कुणाला पटवून द्यावं लागत नाही. मे महिन्याच्या शेवटी नवतपा लागतो, पारा ४५ च्या पुढे जातो, आणि दुपारी अकरा ते पाच रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पहिल्या वर्षी मी कूलरसमोर पडून राहिले आणि जमेल तेवढी पुस्तकं वाचली. त्यातलं एक पुस्तक आमच्या धंद्याच्या इतिहासाचं होतं. भाचीला सांगायचं उत्तर तिथून सुरू होतं.

शाळेतली स्पीच थेरपी हा प्रकार तसा फार जुना नाही. १९१० साली शिकागोच्या शाळांमध्ये पहिल्यांदा अशा शिक्षिका नेमल्या गेल्या असं मानतात. एला फ्लॅग यंग नावाच्या बाई तेव्हा तिथल्या शाळांच्या अधीक्षक होत्या. अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या शहराच्या शाळांचा कारभार पाहणारी ती पहिली बाई. त्यांनी अध्यापक विद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या दहा जणी निवडल्या, त्यांना थोडं जास्तीचं शिक्षण दिलं आणि तोतऱ्या मुलांना शिकवायला शाळाशाळांतून पाठवलं. म्हणजे आमच्या धंद्याची सुरुवातच एका शाळेतून दुसऱ्या शाळेत पायपीट करणाऱ्या, नवख्या, बहुधा कमी पगाराच्या मुलींनी झाली. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

या लोकांनी सुट्टीचं काय केलं? एक प्रसिद्ध उत्तर मिशिगन राज्यातलं आहे. १९३२ साली जॉन क्लॅन्सी यांनी तिथे तोतरं बोलणाऱ्या मुलग्यांसाठी उन्हाळी शिबिर सुरू केलं, शेडी ट्रेल्स नावाचं. सरोवराकाठी राहायचं, पोहायचं, नाटकं करायची आणि त्यातच बोलण्याचा सराव. पुढे ॲन आर्बर गावच्या मिशिगन विद्यापीठाने ते चालवायला घेतलं. अजूनही 'सुट्टीत काय करावं' असं विचारलं की आमच्यातली बरीच मंडळी शिबिर हेच उत्तर देतात. चांगलं उत्तर आहे. फक्त सरोवर आणि सावली हवी! भंडारा तलावांचा जिल्हा असला तरी मे महिन्यात बोड्यांच्या तळाशी भेगा पडलेल्या असतात, आणि मुलं आईबापाबरोबर तेंदूपत्त्याला गेलेली असतात.

आपल्याकडे हा धंदा आला तो १९६० च्या दशकात. १९६५ साली म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था स्थापन झाली. १९६६ साली मुंबईच्या नायर रुग्णालयात अभ्यासक्रम सुरू झाला. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ सालची. १९९२ साली भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा आला आणि आम्हाला नोंदणी क्रमांक मिळू लागले. या सगळ्या तारखा पाठ करून मी परीक्षा दिली. पण त्या यादीत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मराठी मुलांची वाचा तपासायला जे शब्द आणि जी चित्रं मी शिकले, ती सगळी मुंबई-पुण्याच्या कानांनी निवडलेली होती. तेच माझेही कान होते, त्यामुळे खटकण्याचं कारणच नव्हतं.

आता त्या मुलाविषयी.

साकोलीकडच्या एका गावातल्या शाळेत तिसरीतला एक मुलगा गुरुजींनी माझ्यापुढे आणून बसवला. "म्हणजे बोलतो बरोबर, पण ळ येत नाही, श येत नाही." मी चित्रं दाखवली. डोळा दाखवला तर तो म्हणाला डोरा. फळ दाखवलं तर फर. शाळेचं चित्र दाखवलं तर सारा. मी चिठ्ठीवर लिहिलं : ळ च्या जागी र, श च्या जागी स. उच्चारदोष. सराव सुरू.

आठ महिने, महिन्यातून दोनदा, मी त्या पोराला आरशासमोर बसवलं. जिभेचं टोक वर वळवून टाळूला लावायचं आणि सोडायचं. पोरगा हुशार, शिकला. मार्चपर्यंत माझ्या खोलीत बसून तो 'शाळा', 'कमळ', 'बाळ' अगदी सदाशिव पेठी म्हणू लागला. मी वहीत बरोबरची खूण केली. एक गोष्ट मात्र मला तेव्हाही दिसत होती आणि मी तिच्याकडे पाहत नव्हते : तो दिवसेंदिवस कमी बोलायला लागला होता. आधी चित्र पाहून गोष्ट सांगायचा. नंतर विचारलं तेवढं एक शब्दाचं उत्तर.

दुसऱ्या वर्षीच्या सुट्टीत मी त्याच्या घरी गेले. का गेले, तर त्याच गावात सासरच्यांकडचं लग्न होतं आणि वरात संध्याकाळी होती. दुपारभर करायचं काय? त्याच्या आजीने मला पडवीत खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि ओरडून त्याला हाक मारली. मग घरातली सगळी माणसं जमली, आणि अर्ध्या तासात माझ्या लक्षात आलं की या घरात ळ कुणीच म्हणत नाही. आजीचा उनारा, काकूची दिवारी, बापाचा कारा बैल. 'जवळ' नव्हे, जवर. धाकटं पोर 'सारा' म्हणत होतं आणि ते कुणालाही खटकत नव्हतं. खटकत होता तो आमचा पेशंट. तो चुकून 'शाळा' म्हणाला तर चुलतभाऊ फिदीफिदी हसले. घरात त्याचं नाव पडलं होतं 'बालभारती'.

मी आजीला समजावण्याचा प्रयत्न केला. म्हटलं, आजी, त्याची जीभ ळ ला वळत नव्हती, म्हणून शिकवलं. आजी शांतपणे म्हणाली, "आमचं बी बोलनं तसंच आहे, म्याडम. मंग मालेबी बिमारी आहे का?"

त्यावर काय बोलणार! मी लग्नाचा लाडू खाल्ला आणि घरी आले.

जरा विचार केला असता तर मला आधीच कळायला हवं होतं. र हा मुलांना उशिरा येणारा, अवघड वर्ण. भल्याभल्यांची मुलं पाच-सहा वर्षांची होईपर्यंत 'राम' चा 'लाम' करतात. ज्या पोराचा र इतका खणखणीत, त्याच्या जिभेत काय दोष असणार होता? तो झाडीबोली बोलत होता. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा काही भाग मिळून जी झाडीपट्टी होते, तिथली ही मराठी. तिच्यात ळ चा र होतो, ण चा न होतो, श चा स होतो. नागपूर-अमरावतीकडे गेलात तर त्याच ळ चा य होतो : डोया, काया. एकाच डोळ्याची ही तीन रूपं, आणि माझ्या चाचणीत त्यांतलं एकच बरोबर. तेही मुलं ज्या घरात राहत होती त्या घरातलं नव्हे.

भंडारा १९५६ साली मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. बालभारती पुण्यात १९६७ साली सुरू झाली. म्हणजे आमच्या पोराच्या आजीने तिचं सगळं बालपण दुसऱ्या राज्यात काढलं होतं, आणि नातवाच्या हातातलं पुस्तक तीन-साडेतीन पिढ्यांच्या सवयीचं नव्हतंच. पुस्तकाने प्रमाण मराठी शिकवू नये असं मी म्हणत नाही. शिकवावीच. मुलाने ळ लिहावा, वाचावा, परीक्षेत म्हणावा. पण ते काम भाषेच्या गुरुजींचं. मी त्याला रोगी ठरवून केलं, हा फरक लहान नाही.

त्या सुट्टीत मग मी कूलरसमोर बसून वेगळं वाचायला लागले. झाडीची बोली कुणी आधी ऐकली होती का? ऐकली होती, शंभर वर्षांपूर्वी. जॉर्ज ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली निघाला, तो मराठीचा. तो तयार केला नॉर्वेच्या स्टेन कोनो यांनी. पद्धत अशी, की बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवायची आणि तिथल्या माणसांकडून ती तिथल्या बोलीत करून मागवायची. वाटणी मागून घर सोडून जाणारा धाकटा मुलगा, आणि परत आल्यावर त्याला गळ्याशी धरणारा बाप. मध्य प्रांतातल्या मराठीचे कितीतरी नमुने त्या खंडात आहेत, जातीजातीच्या बोलण्यासकट. ग्रिअर्सन १९०३ साली नोकरीतून निवृत्त झाला आणि पुढचं काम त्याने इंग्लंडात बसून केलं. त्या दोघांनी साकोलीची पडवी पाहिलेली असणं कठीण. पण निदान विचारलं तरी! मी त्या पडवीपासून दहा मैलांवर राहत होते आणि विचारलं नव्हतं.

त्याच सर्वेक्षणासाठी १९१३ पासून पुढे ग्रामोफोनच्या तबकड्याही काढल्या गेल्या. आज त्या जालावर ऐकता येतात. त्या ठेवणाऱ्यांत शिकागो विद्यापीठाचं नाव आहे. पुन्हा शिकागो! खरखर खूप आहे, पण ऐकाच एकदा.

पुढे आपल्या माणसांनीही हे काम केलं. डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६० च्या दशकात मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण पुस्तकरूपाने आणायला सुरुवात केली. कुडाळीवरचं त्यांचं पुस्तक १९६५ सालचं. आमच्याच साकोली परिसरातले डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शब्दकोश केला, इथल्या दंडारीवर आणि लोकरंगभूमीवर लिहिलं. अलीकडच्या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साथीने गावोगावच्या मराठीचं ध्वनिमुद्रण करून ते सर्वांसाठी खुलं केलं आहे. आमच्या अभ्यासक्रमात मला यांतलं एकही नाव भेटलं नव्हतं. भाषावाले भाषेच्या इमारतीत, आम्ही दवाखान्याच्या इमारतीत. मधल्या अंगणात कुणी जात नाही, माझं आपलं हे मत.

अमेरिकेत या प्रश्नाचा निकाल कोर्टात लागला आणि तोही, गंमत म्हणजे, उन्हाळ्यात. १९७९ साल. त्या उन्हाळ्यात आमच्या धंद्याच्या दृष्टीने दोन निकाल आले. पहिला जूनमध्ये, पेनसिल्व्हेनियात. तिथे नियम होता की वर्षाला १८० दिवसांपेक्षा जास्त शिक्षण कुणालाच द्यायचं नाही. गंभीर अपंगत्व असलेल्या मुलांचे पालक म्हणाले, आमची मुलं लांब सुट्टीत शिकलेलं विसरतात आणि पुन्हा तिथवर यायला त्यांना महिनेच्या महिने लागतात. कोर्टाने त्यांचं ऐकलं. सरसकट १८० दिवसांचा नियम १९७५ च्या अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्याशी विसंगत ठरला, आणि तेव्हापासून गरज असेल त्या मुलाला तिथे सुट्टीतही उपचार द्यावे लागतात.

दुसरा निकाल जुलैमध्ये, ॲन आर्बरचा. हो, तेच शिबिराचं गाव. तिथल्या मार्टिन ल्यूथर किंग शाळेतल्या गरीब काळ्या मुलांच्या आयांनी शाळेवर दावा लावला होता. मुलं घरी जी इंग्रजी बोलत ती शाळेच्या इंग्रजीहून वेगळी, आणि शाळेने त्यांच्यातल्या काहींना शिकण्यात कमी, काहींना बोलण्यात सदोष अशा खान्यांत घातलं होतं. न्यायाधीश चार्ल्स जॉयनर यांनी भाषाशास्त्रज्ञांच्या साक्षी ऐकल्या. विल्यम लबोव्ह त्यांत होते. निकाल असा, की मुलांच्या घरच्या भाषेची माहिती शिक्षकांना करून देणं आणि ती लक्षात घेऊन वाचन शिकवणं हे शाळेचं कर्तव्य आहे. पुढे १९८३ साली तिथल्या वाक्-श्रवण संघटनेने अधिकृत भूमिकाच घेतली : बोली म्हणजे विकार नव्हे.

एक निकाल सांगतो, सुट्टीत मुलाला सोडू नका. दुसरा सांगतो, त्याच्या घरचं ऐका. हे दोन्ही मी त्या वर्षी वाचलं, आणि मला वाटलं की आता आपण शहाणे झालो.

नव्हतो झालो. उलट, दुसऱ्या बाजूला पडलो.

मोहाडीकडच्या एका शाळेत दुसरीतली मुलगी होती. बोलणं अस्पष्ट. बाईंनी दाखवली, पण स्वतःच म्हणाल्या, "यांच्या घरी असंच बोलतात हो, खेड्यातली भाषा." आदल्या वर्षी आजीकडून चपराक खाऊन आलेली मी, लगेच मान डोलावली. हो हो, बोली म्हणजे विकार नव्हे! त्या भागात झाडीखेरीज पोवारी बोलणारी घरं आहेत, तुमसरकडे हिंदी आहे, काही टोल्यांवर गोंडी. कुठली तरी सरमिसळ असेल असं धरून मी तिचं नाव यादीतून काढलं. अख्खं वर्ष गेलं.

तोवर मी सुट्टीत घरोघरी जायचा नेम धरला होता. सकाळी सहाची एस.टी., दहापर्यंत परत. त्या घरी पोचले तेव्हा आई तेंदूची पानं जुळवत बसली होती. सत्तर पानांचा एक पुडका, संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचा. मुलगी आणि तिचा चार वर्षांचा भाऊ पानं मोजू लागत होते. मी वही काढली नाही, नुसती बसले. भाऊ म्हणाला, "सात." ती म्हणाली, "आत." भावाने सूप आणलं, आई म्हणाली सूप, भाऊ म्हणाला सूप, ती म्हणाली ऊप. सहा, सात, साठ, सत्तर. मोजदाद स नेच भरलेली, आणि प्रत्येक वेळी तिचा स गायब.

झाडीबोलीत श चा स होतो. म्हणजे या घरांत स कमी नसतो, पुण्यापेक्षा जास्तच असतो! आईला आहे, चार वर्षांच्या भावाला आहे, शेजारणीला आहे, आणि आठ वर्षांच्या मुलीला नाही. मग ही बोली कशी? मी तिच्या पाठीमागे जाऊन हळूच 'स्स' केलं. भाऊ वळला. ती पानं मोजत राहिली.

नागपूरला तपासणी झाली. दोन्ही कानांनी जाड आवाज ऐकू येत होते, बारीक आवाज जवळजवळ नाहीत. अशा मुलांना हाक ऐकू येते, ढोल ऐकू येतो, म्हणून घरच्यांना संशय येत नाही. स मात्र सगळा बारीक आवाजांतच असतो. जे कधी ऐकलंच नाही ते म्हणणार कसं? श्रवणयंत्रं लागली तेव्हा ती आठ पूर्ण होऊन गेली होती. यंत्रं मिळण्याची सोय होती, केंद्र सरकारची अपंगांना साहित्य देणारी योजना १९८१ पासून आहे. वर्ष वाया गेलं ते माझ्यामुळे. बोलीचा आदर करण्याच्या नादात मी बोली ऐकलीच नव्हती, नुसती गृहीत धरली होती. तिच्या आईला मी हे सांगितलं. तिने विचारलं, "आता आयकू येते ना?" आणि पानं जुळवायला घेतली. तिच्या जागी मी असते तर एवढी सोडून दिली नसती.

तर, भाचीबाई, माझं उत्तर हे. सुट्टीत मुलांच्या घरी जायचं. पंचवीस-तीस मुलांच्या घरी जाणं होत नाही, मला एका उन्हाळ्यात आठ-दहा घरांच्या वर कधी जमलं नाही. पण ज्यांच्याविषयी वर्षभरात मनात शंका राहिली, त्यांच्या घरी तरी. आणि गेल्यावर मुलाला नाही तपासायचं. आई, आजी आणि धाकटं भावंड यांना बोलतं करायचं. मुलाच्या बोलण्याची तुलना पुस्तकाशी करायच्या आधी त्या तिघांशी करायची. तिघांत आहे आणि मुलात नाही, ते तपासायला घ्यायचं. तिघांतही नाही, ते सोडून द्यायचं, निदान आपण तरी.

वही ठेवायची. माझ्या वहीची तीन वर्षांत दीडशे पानं झाली. गाव, घरची बोली, कुठला वर्ण कसा. तिच्यावरून मी चित्रांचे पत्ते नवे केले. सफरचंद आणि जहाज काढलं (त्या मुलांनी जहाज कुठे पाहायचं?), मोह, सूप, बोडी, धान, पुडका घातला. धाकट्या दिराने चित्रं काढून दिली. मोहाचं फूल त्याला इतकं छान जमलं, की पुढे शाळेतल्या बाई तो पत्ता मागून घेऊन गेल्या.

यंत्रवाल्या मुलांकडे उन्हाळ्यात एकदा तरी चक्कर हवीच. भंडाऱ्याच्या घामाने यंत्रं मरतात. रात्री यंत्र कोरडं करून, ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी घातलेल्या डबीत ठेवायचं, हे शाळेत शंभरदा सांगितलं तरी घरी डबी सापडत नाही. डबी कुठे ठेवायची ती जागा घरात जाऊन आजीच्या देवळीत ठरवावी लागते. आणि निवासी मूकबधिर शाळांतली मुलं. ती वर्षभर हातांनी भरभरून बोलतात आणि सुट्टीत दोन महिने अशा घरी येतात जिथे त्यांच्या खुणा कुणालाच कळत नाहीत. मुंबईत १८८० च्या दशकात आपली पहिली मूकबधिर शाळा निघाली तेव्हापासून हा प्रश्न प्रत्येक मे महिन्यात पुन्हा उभा राहत असणार. अशा घरी गेले की मी आईला दहाच खुणा शिकवायचे, आणि शिकवायला लावायचे मुलालाच. एरवी घरात त्याला सगळे शिकवत असतात. आईला शिकवताना त्याचा चेहरा पाहण्यासारखा असे.

झोपायचंही, अर्थात. दुपारी बारा ते चार दुसरं काही करताच येत नाही.

'बालभारती'चं काय झालं ते राहिलं. त्या जूनमध्ये मी त्याला बोलावलं आणि सांगितलं की तुझं काहीच चुकत नव्हतं, चूक माझी होती. त्याने आरशाकडे पाहिलं आणि विचारलं, "मंग आता सारा म्हनू का साळा?" मी म्हटलं, घरी सारा म्हण, पुस्तक वाचताना शाळा म्हण, तुला तर दोन्ही येतं. त्याला ते लगेच पटलं असं नाही. बोलायला लागला तो दिवाळीनंतर, मंडईच्या दिवसांत, गावच्या दंडारीत छोटं काम मिळालं तेव्हा. सासरची मंडळी पाहून आली. म्हणाली, पोरगं फार बोलतं.

भाचीला हे सगळं वाचायला पाठवते आहे. ती मे महिन्यात आठ दिवस येते म्हणाली. तिला एवढंच सांगितलं आहे की सुती ओढणी आण, पांढरी, आणि सकाळी सहाच्या एस.टी.साठी साडेपाचला उठावं लागेल. वही माझ्या कपाटात वरच्या खणात आहे.